'सरनेम' या शब्दाचा अर्थ आणि आपली आडनावे

दरसाल जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे तापी व गोमाई या नद्यांच्या तीरावरील गावांतून पालक आपापल्या मुलांस घेऊन प्रवेशासाठी येतात. प्रवेशाचा अर्ज हाती पडतो आणि पहिल्याच ओळीपाशी लेखणी अडते. तेथे तीन रकाने आखलेले असतात. एकावर 'सरनेम', दुसऱ्यावर 'फर्स्ट नेम' व तिसऱ्यावर 'मिडल नेम' असे लिहिलेले असते. कोणी पहिल्या रकान्यात मुलाचे नाव लिहितो, कोणी जातीचे नाव लिहितो, तर कोणी संपूर्ण नाव एकाच रकान्यात बसवून उरलेले दोन कोरे ठेवतो. शब्द लहान व रोजच्या वापरातला असला, तरी त्याचा नेमका अर्थ फारच थोड्यांस ठाऊक असतो असे दिसून येते. म्हणून त्या शब्दाविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दाची व्युत्पत्ती पाहू. 'सरनेम' यातील 'सर' हा आपण मास्तरांस हाक मारताना वापरतो तो 'सर' नव्हे. पूर्वी कित्येक इंग्रज लेखकांचाही असा समज होता, आणि त्यामुळे ते या शब्दाची वर्णजोडणीही तशीच करीत. वस्तुतः हा 'सर' फ्रेंच भाषेतून आला आहे. त्याचे मूळ लॅटिन 'सुपर' या शब्दात असून त्याचा अर्थ 'वर' किंवा 'वरचे' असा आहे. अर्थात सरनेम म्हणजे मूळ नावावर चढविलेले नाव, जोडनाव. दुसरा भाग जो 'नेम', तो तर आपल्या घरचाच म्हणावयाचा. लॅटिनमधील 'नोमेन', ग्रीकमधील 'ओनोमा', फारशीतील 'नाम', संस्कृतातील 'नामन्' आणि इंग्रजीतील 'नेम' ही सर्व एकाच प्राचीन मूळ शब्दाची लेकरे आहेत. मराठीत 'नेम धरणे' किंवा 'नेमाने वागणे' यांतील नेम मात्र निराळा. तो 'नियम' या शब्दाचा अपभ्रंश होय.

चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रूढ होऊ लागला, तेव्हा त्याचा अर्थ आजच्यासारखा कुलनाम असाच काही नव्हता. एखाद्याच्या नावास जोडलेली पदवी किंवा बिरुद, त्यासही सरनेम म्हणत. इंग्लंडचा राजा रिचर्ड यास लोक 'सिंहहृदयी' म्हणत; ते त्याचे सरनेम. असे बिरुद त्या एका माणसाबरोबर संपत असे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जमीनदार घराण्यांत बापाचे जोडनाव मुलास लागण्याची चाल पडली आणि सुमारे १४०० पर्यंत ती सामान्य लोकांतही पसरली. एकाच गावात दहा जॉन असले तर कर कोणाकडून घ्यावयाचा आणि शेत कोणाच्या नावे लावावयाचे, हा प्रश्न कारकुनास पडणारच. मग कोणी लोहार जॉन, कोणी टेकडीवरचा जॉन, कोणी ठेंगू जॉन, तर कोणी विल्यमचा मुलगा जॉन झाला. स्मिथ, हिल, शॉर्ट, विल्यमसन ही इंग्रजी आडनावे अशीच जन्मास आली.

आपल्याकडील आडनावे तपासून पाहिली तर तीच तऱ्हा दिसते. गावावरून पडलेल्या आडनावांचा 'कर' हा प्रत्यय सर्वांच्या परिचयाचा आहे. कवी कुसुमाग्रज यांचे शिरवाडकर हे आडनाव नाशिक जिल्ह्यातील शिरवाडे या गावावरून आलेले. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावी राहिले म्हणून निंबाळकर झाले. गोडबोले, काळे, वाघ ही आडनावे गुणावरून, रूपावरून वा थट्टेवरून पडली असावीत. घोरपडे हे मूळचे भोसले. किल्ल्याच्या तटावर घोरपडीच्या साहाय्याने चढून गेलेल्या पूर्वजामुळे त्यांस हे नाव मिळाले अशी आख्यायिका आहे. धंद्यावरून सुतार, सोनार, शिंपी अशी आडनावे झाली, आणि अधिकारावरून देशमुख, देशपांडे, कुलकर्णी व पाटील. मुंबई बेटातील पारशी बांधवांनी तर इंग्रजी अमदानीत इंग्रजी शब्दांचीच आडनावे केली. इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर व डॉक्टर ही आडनावे आजही त्यांच्यात आहेत, आणि ती धारण करणारा कोणी कापडाचा व्यापारीही असू शकतो!

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर पाटील या आडनावाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. शहादे तालुक्यात एकेका वर्गात पाच-सहा पाटील सहज निघतात. पाटील हा मूळचा हुद्दा. गावचा वसूल गोळा करणे, तंटे मिटविणे व बंदोबस्त ठेवणे ही त्याची कामे असत, आणि हा अधिकार वंशपरंपरेने चाले. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले. मुलकी पाटिलकीचे पद १९६२ च्या कायद्याने बंद झाले. पद गेले, दप्तर गेले, पण नाव राहिले. इंग्लंडात स्मिथ नावाच्या माणसाने भाता व ऐरण जन्मात पाहिली नसेल, तशीच ही गोष्ट आहे. मात्र सरनेमचा हेतू जो ओळख पटविणे, तो एका वर्गात सहा पाटील असल्यावर साधत नाही. तेथे उपयोगी पडते ते वडिलांचे नाव.

आणि येथेच इंग्रजी रकाने व मराठी रीत यांची खरी चुकामूक होते. इंग्रजांत 'मिडल नेम' म्हणजे मुलाचेच दुसरे नाव. आजोबांच्या किंवा एखाद्या आप्ताच्या स्मरणार्थ ठेवलेले. त्याचा बापाच्या नावाशी संबंध असेलच असे नाही. आपल्याकडे मध्ये येते ते वडिलांचे नाव, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत रूढीने पतीचे. ही आपली रीत बरीच जुनी आहे. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे आडनाव भट होते, परंतु इतिहासात ते स्वतःचे व वडिलांचे नाव एवढ्यानेच ओळखले जातात. जुन्या कागदपत्रांतून असे दुहेरी नाव पुष्कळ ठिकाणी पुरेसे समजले जाई, आणि आडनाव असूनही ते लिहिले जात नसे. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी माणसाच्या नावाचा कणा हे मधले नाव होय; आडनाव हा त्यावरील अंगरखा आहे.

वडिलांचे नाव जोडण्याची चाल जगात इतरत्रही आहे. आइसलँड या लहानशा देशात बहुतेक लोकांना कुलनामच नसते. तेथे १९८० ते १९९६ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदी असलेल्या विदुषीचे नाव विग्दिस फिन्बोगादोत्तिर. या उत्तरपदाचा अर्थ 'फिन्बोगीची कन्या' एवढाच. तेथील टेलिफोनच्या सूचीतही माणसे आपल्या पहिल्या नावाने लावलेली असतात. तामिळ लोकांत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावतात, पण ते आडनाव नव्हे. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद. विश्वनाथन हे त्यांच्या वडिलांचे. युरोपातील पत्रकार त्यांस 'विशी' म्हणू लागले, तेव्हा ते अजाणता वडिलांच्याच नावाने हाक मारीत होते.

आता 'ख्रिश्चन नेम' या दुसऱ्या इंग्रजी शब्दाविषयी. जुन्या इंग्रजी अर्जांत सरनेमच्या जोडीस हा शब्द असे, आणि हिंदू वा मुसलमान मुलगा तो वाचून बुचकळ्यात पडे. त्याचा अर्थ बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले नाव असा आहे. इंग्लंडात बहुतेक सर्वांचा बाप्तिस्मा होत असल्यामुळे 'ख्रिश्चन नेम' म्हणजेच स्वतःचे नाव असा व्यवहार पडला. पुढे अन्य धर्मांचे लोकही तेच अर्ज भरू लागले, तेव्हा हा शब्द मागे पडून 'फर्स्ट नेम' किंवा 'गिव्हन नेम' असे लिहिण्याची पद्धत आली. ख्रिस्ती झालेल्या सर्वांनी नाव बदलले असाही एक समज आहे, तो बरोबर नाही. कवी नारायण वामन टिळक यांचा १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा झाला, पण नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही त्यांनी जशीच्या तशी ठेवली. उलटपक्षी जौनपूर येथे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी नेहेम्या हे नाव घेतले, तथापि आडनाव गोरे हेच राहिले. वसईकडे निराळा प्रकार झाला. तेथे १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस पोर्तुगीज आडनावे मिळाली. त्यांतील परेरा या शब्दाचा अर्थ नासपतीचे झाड, आणि फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र. हे अर्थ आज त्या घरांतूनही फारसे कोणास ठाऊक नसतील.

आडनाव हे कुळाचे नाव अशी व्याख्या आपण करतो, पण तीही सर्वत्र लागू पडत नाही. संत तुकारामांचे कूळ मोरे, आणि आडनाव आंबिले. दोन्ही एकाच घराची, पण कामे निराळी. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर याचा विचार फार काळजीपूर्वक केला पाहिजे. अक्राणीच्या डोंगरातील पावरा समाजात कुळे पुष्कळ आहेत आणि विवाह जुळविताना ती पाहतात. परंतु शाळेच्या दप्तरात कित्येकांच्या आडनावाच्या जागी 'पावरा' हेच समाजाचे नाव लिहिलेले आढळते. भिल्ल मुलाच्या नावापुढे 'भिल' एवढेच लिहून मोकळे होण्याचा प्रघातही होता. विचारणाऱ्याने 'सरनेम काय?' असे विचारले, सांगणाऱ्यास तो शब्द समजला नाही, त्याने आपण कोण लोक आहोत ते सांगितले, आणि तेच कायमचे आडनाव झाले. असे पुष्कळ ठिकाणी घडले असले पाहिजे.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. तर त्याचे उत्तर सरकारी यादीत आहे. अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० मध्ये निघाला व १९७६ च्या कायद्याने त्यात दुरुस्ती झाली. महाराष्ट्राच्या यादीत एका नोंदीखाली गामीत, गामटा, गावीत, मावची व पाडवी ही नावे एकत्र दिली आहेत. आणि भिल्लांच्या नोंदीत तडवी भील, पावरा, वसावा व वसावे ही नावे आली आहेत. म्हणजे आपल्या वर्गातील मुले ज्यांना आडनावे म्हणून लिहितात त्यांतील कित्येक शब्द कायद्याच्या दृष्टीने जमातींचीही नावे आहेत. यावरून काही पालकांचा असा ग्रह होतो की आडनाव पाडवी किंवा वसावे असले म्हणजे जमातीचा रकाना भरण्याचे कारण नाही. हा ग्रह घातक आहे. आडनाव व जमात हे दोन निराळे रकाने आहेत, आणि एकावरून दुसरे सिद्ध होत नाही. पवार, मोरे, सोनवणे व नाईक ही आडनावे अनेक समाजांत आहेत. पुढे शिष्यवृत्ती, वसतिगृह, वैद्यकीय वा यंत्रशास्त्राचे शिक्षण आणि नोकरी यांसाठी जातीचा दाखला लागतो. त्याची पडताळणी करणारी समिती बापाच्या, चुलत्याच्या, आजोबांच्या शाळेतील नोंदी मागते. त्या नोंदी जितक्या जुन्या, विशेषतः १९५० च्या पूर्वीच्या, तितके त्यांचे वजन अधिक. ज्या आजोबांनी पाटीवर चार अक्षरे गिरवून दोन वर्षांत शाळा सोडली, त्यांच्या नावापुढील रकान्यात त्या वेळच्या मास्तरांनी काय लिहिले, यावर आज नातवाचा प्रवेश अडतो किंवा सुटतो.

आणखी एक अडचण सरहद्दीची आहे. प्रकाशा येथून गुजरातची हद्द दूर नाही. तापीच्या खोऱ्यात पलीकडे तोच समाज राहतो आणि सोयरिकीही होतात. पण इकडे जो वसावे, तो तिकडे वसावा. इकडे गावीत, तर तिकडे गामीत. दोन भाऊ दोन राज्यांत शिकले तर दोघांच्या दाखल्यांवर दोन आडनावे यावयाची. त्यात रोमन लिपीची भर! आपल्या 'ळ' साठी त्या लिपीत अक्षरच नाही. वळवी हे आडनाव कोणी 'व्ही' ने आरंभितो, कोणी 'डब्ल्यू' ने. गावीत यातील दीर्घ ईकारासाठी एकाने 'आय' लिहिला, दुसऱ्याने दोन 'ई' लिहिले. मनुष्य वाचणारा असता तर हसून सोडून देता. परंतु आता नावे ताडून पाहण्याचे काम संगणक करतो, आणि एका अक्षराचा फरक पडला तर बाप व मुलगा हे त्यास दोन निराळ्या घराण्यांतील वाटतात. तेव्हा पालकांनी एवढे अवश्य करावे: जन्माचा दाखला, आधारपत्र व शाळेचा अर्ज हे तीन कागद शेजारी ठेवून मराठी व इंग्रजी दोन्ही वर्णजोडण्या एकसारख्या आहेत ना, हे पहिल्या दिवशीच पाहावे. मूल शाळेत असेतोवर योग्य पुरावा दिल्यास नोंदीची दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्याचा दाखला हाती आल्यावर तीच गोष्ट फार दुर्घट होते.

'लास्ट नेम' या शब्दापासूनही सावध असावे. इंग्रजीत सरनेम शेवटी येते म्हणून त्यास 'लास्ट नेम' म्हणतात. आपल्या शाळांतून व परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी लिहितात. तेथील क्रम पाहून एखादा मुलगा शेवटचे म्हणून वडिलांचे नाव 'लास्ट नेम' मध्ये लिहितो आणि स्वतःचे आडनाव 'फर्स्ट नेम' मध्ये. अर्थ ध्यानी ठेवला म्हणजे घोटाळा होत नाही: जागा कोठेही असो, घराण्याचे नाव ते सरनेम. चिनी व हंगेरियन लोकही घराण्याचे नाव आधीच लिहितात.

परदेशी जाण्याचा योग आल्यास पारपत्रात दोनच रकाने असतात, 'गिव्हन नेम' व 'सरनेम'. तेथे मधल्या नावास स्वतंत्र जागा नाही. पुष्कळ महाराष्ट्रीय लोक ते स्वतःच्या नावाशेजारी पहिल्या रकान्यात लिहितात. ज्यांच्या पारपत्रात एकच नाव असते त्यांचे हाल काही औरच. अमेरिकेच्या परवान्यावर अशा मनुष्याचे ते एकुलते नाव सरनेमच्या जागी जाते आणि स्वतःच्या नावाच्या जागी 'एफ एन यू' ही अक्षरे पडतात. 'पहिले नाव अज्ञात' असा त्यांचा अर्थ. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी तर एकच नाव असलेल्या प्रवाशांस भेटीच्या परवान्यावर प्रवेश नाकारण्याचा नियम काढला होता.

आडनाव लावण्याची सक्ती करणारी सरकारेही होऊन गेली. नेपोलियनने १८११ मध्ये हॉलंडातील लोकांस, जपानी सरकारने १८७५ मध्ये आपल्या सर्व प्रजेस, आणि तुर्कस्तानने १९३४ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांस आडनाव घ्यावयास लाविले. तुर्कस्तानचे अध्यक्ष मुस्तफा केमाल यांस त्यांच्या विधिमंडळाने 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले. आपल्या देशात मात्र असा कायदा नाही. विवाहानंतर स्त्रीने पतीचे आडनाव घेतलेच पाहिजे असेही कोणता कायदा सांगत नाही. ती रूढी आहे.

शाळेच्या दप्तरातील एका ओळीचे महत्त्व कोणास अतिशयोक्त वाटत असेल, तर त्याने साताऱ्यास जाऊन यावे. तेथील सरकारी शाळेत, जिला आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. घराणे सकपाळ, मूळ गाव कोकणातील आंबडवे. गावावरून आलेले आडनाव शाळेत आंबेडकर असे लिहिले गेले, आणि पुढे तेच भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचे नाव म्हणून जगास कळले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

मधल्या नावाच्या रकान्यातही आता नवी भर पडली आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने असे ठरविले की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव सरकारी कागदपत्रांत पुढील क्रमाने लिहावयाचे: प्रथम बालकाचे नाव, नंतर आईचे, नंतर वडिलांचे आणि शेवटी आडनाव. ही मुले पहिलीच्या वर्गात येतील तेव्हा 'मिडल नेम' च्या एका चौकटीत दोन नावे बसवावी लागतील, आणि छापील अर्ज नव्याने आखावे लागतील.